नेटचा संगणक वेगळा, कामाचा वेगळा: दोन यंत्रांची मांडणी कशी करावी

माझ्या टेबलावर दोन संगणक आहेत. डावीकडच्या यंत्रावर विंडोज ७, पाने लावण्याचे पेजमेकर ७.० आणि मराठी टायपिंग व फॉन्टचे श्रीलिपी आहे. त्याच्या मागच्या बाजूला श्रीलिपीचे डोंगल (परवाना असलेली छोटी किल्ली) खोचलेले आहे आणि नेटवर्क केबलचे तोंड इन्सुलेशन टेपने बंद केलेले आहे. उजवीकडे लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घातलेला लॅपटॉप आहे. ई-मेल, व्हॉट्सॲप वेब, बँकेचे व्यवहार, छापखान्याला फाईल पाठवणे हे सगळे त्याच्यावर चालते. पुस्तकांची अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय असल्यामुळे ही विभागणी मला सुरुवातीला नाइलाजाने करावी लागली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मध्ये आली, तिला युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) कळत नाही, आणि तरीही किती तरी मराठी पुस्तकांच्या मूळ फाईली पेजमेकर आणि श्रीलिपीच्या याच जोडीत अडकून पडलेल्या आहेत. प्रकाशकाने जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हटली, की तेच यंत्र चालू करावे लागते.

विंडोज ७ ची सुरक्षा-अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली. तेव्हापासून त्या प्रणालीत सापडणाऱ्या नव्या छिद्रांना ठिगळ मिळत नाही, म्हणून तिला इंटरनेटपासून तोडणे एवढाच मार्ग उरला. आता तीच वेळ आणखी बऱ्याच जणांवर आली आहे. विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागत असल्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी संगणक तिच्या दारातच अडतात. असा संगणक भंगारात देण्याआधी तो ऑफलाइन कामाला लावता येतो का, हे पाहावे. यंत्रे दोन करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. त्यांच्यामध्ये फाईलींची ये-जा कशी होणार हे ठरवणे आणि ठरलेले रोज पाळणे, हे मात्र खरे काम आहे आणि नवा माणूस नेमका त्याचाच विचार शेवटी करतो.

पहिली पायरी: कामांची वाटणी

यंत्राला हात लावण्याआधी एक वही घ्यावी आणि आठवडाभर आपण संगणकावर जे जे करतो ते दोन रकान्यांत लिहावे. एका रकान्यात ज्याला नेट लागतेच ते काम आणि दुसऱ्यात ज्याला नेट लागत नाही ते. बहुतेकांना दुसरा रकाना अपेक्षेपेक्षा मोठा निघाल्याचे आश्चर्य वाटते. करसल्लागाराचे उदाहरण घेऊ. टॅलीतल्या नोंदी, बिले, ताळेबंद यांना नेट लागत नाही. जीएसटीआर-१ हे विवरणपत्रही जीएसटीच्या पोर्टलवर मोफत मिळणाऱ्या ऑफलाइन साधनात भरून त्याची जेसन फाईल तयार करता येते, आणि मग पोर्टलवर चढवायची असते ती एवढी एकच फाईल. याउलट जो व्यापारी दिवसभर थेट आपल्या सॉफ्टवेअरमधूनच ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल काढतो, त्याचे बिलाचे यंत्र नेटपासून तोडता येणार नाही. त्याने उगाच हट्ट करू नये.

दुसऱ्या रकान्यातले प्रत्येक सॉफ्टवेअर नेटशिवाय खरोखर किती दिवस चालते, हेही याच आठवड्यात तपासून घ्यावे. काही सॉफ्टवेअर परवाना पडताळण्यासाठी ठरावीक काळाने नेट मागतात आणि ते न मिळाल्यास ऐन कामाच्या दिवशी उघडत नाहीत. राउटर बंद करून चार-पाच दिवस काम करून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

दुसरी पायरी: कोणते यंत्र कुठे

नव्या माणसाचा पहिला विचार असा असतो, की चांगला संगणक महत्त्वाच्या कामाला आणि जुना नेटला. माझ्या मते हे उलटे असावे. आज संगणकावरचा सर्वांत जड कार्यक्रम ब्राउझर असतो, आणि धोका ज्या यंत्राला जास्त आहे त्यालाच अद्ययावत प्रणाली आणि ती पेलणारी ताकद लागते. पेजमेकर किंवा टॅली पंधरा वर्षांच्या यंत्रावर आनंदाने चालते. पाच टॅब उघडल्यावर तेच यंत्र गुदमरते. म्हणून त्यातल्या त्यात नवे यंत्र नेटला द्यावे आणि जुने ऑफलाइन कामाला. टेबलावर जागा कमी असेल तर एकाच मॉनिटरच्या दोन वेगवेगळ्या पोर्टना दोन्ही यंत्रे जोडून मॉनिटरच्या बटणाने अदलाबदल करता येते. कीबोर्ड आणि माऊस मात्र वेगवेगळे ठेवलेले बरे.

तिसरी पायरी: ऑफलाइन यंत्र तोडणे

तोडण्याआधी लागणारे सामान गोळा करावे. त्या यंत्राचे सर्व ड्रायव्हर, सर्व सॉफ्टवेअरच्या स्थापना-फाईली, फॉन्ट, परवान्यांचे क्रमांक आणि प्रिंटरचा ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये ठेवून त्या फोल्डरची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. एकदा तोडल्यानंतर ‘जरा नेट लावून ड्रायव्हर उतरवून घेतो’ ही सोय राहत नाही आणि राहूही नये.

मग प्रत्यक्ष तोडावे. केबल काढणे पुरेसे नाही, कारण कोणीतरी चांगल्या हेतूने ती परत लावतो. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (यंत्र चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड लॅन बंद करण्याची सोय असते, ती वापरावी. लॅपटॉप असेल तर वायफाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून अक्षम करावेत, आणि जमत असल्यास वायफायचे कार्डच जाणकाराकडून काढून घ्यावे. प्रिंटर यूएसबी केबलने जोडावा आणि प्रिंटरला स्वतःचे वायफाय असल्यास ते बंद करावे.

एक वाट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ऑफलाइन संगणकाच्या यूएसबीला कोणी मोबाइल चार्जिंगला लावला आणि त्या मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचे नेट केबलने संगणकाला देणे) चालू झाले, तर विंडोज त्याला नेटवर्कचे नवे कार्ड समजते आणि क्षणात यंत्र इंटरनेटवर जाते. माझ्याकडे हे एकदा घडले आहे. मदतीला येणाऱ्या मुलाचा फोन होता, आणि कोपऱ्यातले नेटवर्कचे चिन्ह बदललेले दिसले म्हणून मला कळले. तेव्हापासून खोलीत वेगळा चार्जर आहे आणि यूएसबीची पुढची दोन तोंडे झाकलेली आहेत.

घड्याळाचेही पाहावे. नेटवरचे यंत्र आपली वेळ आपोआप जुळवून घेते, ऑफलाइन यंत्राला ती सोय नसते. जुन्या यंत्रातला सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग आज केलेली दुरुस्ती तारखेने जुनी दिसते, आणि माणूस नवी फाईल पुसून जुनी ठेवतो. सेल बदलायला दोन मिनिटे लागतात.

चौथी पायरी: नेटच्या यंत्रावर लिनक्स मिंट

नेटच्या यंत्रावर विंडोज ११ चालत असेल तर तीही ठेवता येईल. मी मिंट सुचवतो याची कारणे दोन आहेत. ते जुन्या यंत्रांवर चालते, आणि विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस त्यावर उघडला तरी सहसा चालत नाही. मिंटची किमान गरज २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा अशी सांगितली जाते. व्यवहारात ४ जीबी रॅम आणि एसएसडी असल्याशिवाय ब्राउझरचा आनंद मिळत नाही. सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत.

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाईल (संपूर्ण प्रणालीची एकच फाईल) उतरवावी आणि तिथेच दिलेला चेकसम (फाईलीच्या तपासणीचा आकडा) आपल्या फाईलशी ताडून पाहावा. उतरवताना फाईल अर्धवट राहिली किंवा बदलली गेली असेल तर इथेच कळते. विंडोजवर रूफस या मोफत साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी, संगणक पुन्हा चालू करताना बूट मेनूची कळ दाबावी (डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९) आणि पेनड्राइव्ह निवडावा. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालते, डिस्कला हात लावत नाही. या अवस्थेत वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर तपासून घ्यावेत. समाधान झाल्यावरच स्थापना सुरू करावी, आणि ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडण्यापूर्वी त्या डिस्कवरचे आपले सर्व काही बाहेर काढले आहे ना, हे दुसऱ्या माणसाला सोबत बसवून पाहावे.

मराठीसाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा जोडला की झाले. रोमन उच्चाराने लिहिण्याची सवय असणाऱ्यांसाठी कागप हा ध्वन्यात्मक आराखडाही तिथेच मिळतो. ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आधीपासून असतो आणि लिब्रेऑफिसही. शेवटी टाइमशिफ्ट चालू करावे, म्हणजे एखाद्या अद्यतनाने बिघाड झाला तर प्रणाली कालच्या अवस्थेत नेता येते. टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत ठेवते, आपल्या फाईलींची नाही, हा फरक लक्षात ठेवावा.

पाचवी पायरी: ये-जा

दोन्ही यंत्रे एका लॅन केबलने जोडून मधले फोल्डर सामाईक ठेवले तर काय बिघडले, असा प्रश्न हमखास येतो. बिघडते ते असे. १२ मे २०१७ रोजी पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस विंडोजच्या याच फाईल-देवाणघेवाणीच्या सोयीतून यंत्रायंत्रांत फिरला. त्यासाठी कोणाला काही क्लिक करावे लागले नाही. पुढच्याच महिन्यात आलेला नॉटपेट्याही एका यंत्रात शिरला की आतल्या जाळ्यातून पसरत जाई, आणि त्याच्या तडाख्यात न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. लॅन केबलने जोडलेले ऑफलाइन यंत्र हे नुसते नावाला ऑफलाइन असते.

पेनड्राइव्हही निर्धोक नाही. इराणमधल्या नतांझ येथील अणुकेंद्राचे संगणक इंटरनेटला जोडलेले नव्हते, तरी २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट तिथे पोहोचला, आणि त्याच्या प्रवासाचे एक प्रमुख साधन यूएसबी होते. आपण अणुकेंद्र चालवत नाही. आपल्याला भीती आहे ती गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून येणाऱ्या ‘शॉर्टकट व्हायरस’ची. तो पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट तिथे ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक केले की फोल्डर उघडतो, आणि सोबत व्हायरसही चालू होतो.

एका लेखिकेने दिलेला पेनड्राइव्ह मी नेमाप्रमाणे आधी मिंटच्या लॅपटॉपला लावला. विंडोजने जे लपवले असते ते तिथे उघडे दिसले: ‘कथासंग्रह’ नावाचा फोल्डर, त्याच्या शेजारी त्याच नावाची जेमतेम दोन केबीची एलएनके (शॉर्टकट) फाईल, आणि खाली अगम्य नावाची एक व्हीबीएस (आज्ञा चालवणारी) फाईल. मी फोल्डरमधल्या वर्डच्या फाईली तेवढ्या उचलल्या, लेखिकेला फोन केला आणि त्यांच्या परवानगीने पेनड्राइव्ह पुसून दिला. हाच पेनड्राइव्ह आधी डावीकडच्या यंत्राला लागला असता तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत बसलो होतो.

यावरून बसवलेला माझा क्रम पुढे देतो. तो जसाच्या तसा घ्यावा असे नाही, पण तुमच्या घरीही असा एकच क्रम असावा.

बाहेरून आलेला कोणताही पेनड्राइव्ह ऑफलाइन यंत्राला कधीही लावायचा नाही, मग तो देणारा सख्खा भाऊ का असेना. तो नेटच्या यंत्रावर उघडायचा आणि हवी ती फाईल तिथे उतरवून घ्यायची. दोन यंत्रांमधल्या वाहतुकीसाठी माझे स्वतःचे दोन पेनड्राइव्ह आहेत. लाल फक्त आत नेण्यासाठी, पांढरा फक्त बाहेर आणण्यासाठी. लाल पेनड्राइव्ह दर वेळी मिंटवर फॉरमॅट करूनच भरायचा. ४ जीबीपेक्षा मोठी फाईल असेल तर फॅट३२ ही फॉरमॅटची पद्धत चालत नाही, एक्सफॅट वापरावे. विंडोज ७ आणि मिंट दोघांनाही ते वाचता येते.

आत काय जाते, यावर बंधन हवे. माझ्याकडे आत जातो तो फक्त साधा मजकूर आणि चित्रे. लेखकाची वर्ड फाईल मी मिंटवर लिब्रेऑफिसमध्ये उघडतो आणि युटीएफ-८ मधली साधी टेक्स्ट फाईल म्हणून जतन करतो. साध्या मजकुरात मॅक्रो (फाईलीत दडलेल्या आज्ञा) किंवा अन्य काही लपून जाऊ शकत नाही. याची किंमत म्हणजे ठळक आणि तिरकी अक्षरे हरवतात. म्हणून मूळ फाईलीची एक छापील प्रत काढून शेजारी ठेवतो आणि पेजमेकरमध्ये खुणा पुन्हा करतो. हे कंटाळवाणे आहे. पण त्या निमित्ताने मजकूर एकदा डोळ्यांखालून जातो आणि लेखकाच्या दोन-चार चुका हमखास सापडतात. आत गेल्यावर तो मजकूर युनिकोडमधून श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये रूपांतरित होतो आणि मग पाने लागतात.

ऑफलाइन यंत्रावर ऑटोप्ले (पेनड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडण्याची सोय) कंट्रोल पॅनेलमधून बंद ठेवावे आणि फाईलींची संपूर्ण नावे, म्हणजे टिंबानंतरच्या अक्षरांसह, दिसतील अशी फोल्डरची सेटिंग करावी. ‘बिल.पीडीएफ’ असे दिसणाऱ्या फाईलीचे पूर्ण नाव ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ निघू शकते. यापुढे जाऊन फक्त ठरलेलेच पेनड्राइव्ह चालावेत असा बंदोबस्त हवा असेल, तर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने तयार केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ मध्ये मोफत उपलब्ध करून दिले होते. मिंटवर क्लॅमएव्ही हे व्हायरस शोधणारे साधन घालून लाल पेनड्राइव्ह भरल्यावर तपासावा; मिंट स्वतः आजारी पडले नाही तरी विंडोजचा रोग वाहून नेऊ शकते.

बाहेर येताना काळजी वेगळी. तयार पीडीएफ मी ७-झिपमध्ये बांधून पांढऱ्या पेनड्राइव्हवर ठेवतो, कारण झिप फाईलीत तपासणीचा आकडा असतो आणि प्रवासात फाईल बिघडली तर उघडतानाच कळते. पेनड्राइव्ह नेहमी ‘सुरक्षित काढा’ म्हणूनच काढावा. अर्धवट लिहिलेली फाईल छापखान्यापर्यंत गेली तर पहिला फोन आपल्याला येतो. मिंटच्या लॅपटॉपचा एक अनपेक्षित फायदाही इथे होतो. त्यावर श्रीलिपीचे फॉन्ट नाहीत, म्हणून पीडीएफमध्ये फॉन्ट नीट बसवले गेले नसतील तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हीच पीडीएफ ऑफलाइन यंत्रावर निर्दोष दिसली असती. पीडीएफच्या गुणधर्मांत फॉन्टची यादी असते, तीही पाहून घ्यावी.

एकच यंत्र असेल तर

दुसरे यंत्र घेणे शक्य नसेल तर एकाच संगणकावर दोन प्रणाली घालता येतात, पण ही कमकुवत तडजोड आहे. दोन्ही प्रणाली एकमेकींच्या डिस्क पाहू शकतात, त्यामुळे एकीत शिरलेला उपद्रव दुसरीच्या फाईलींपर्यंत पोहोचू शकतो. असे करायचेच असल्यास दोन वेगळ्या डिस्क घ्याव्यात, विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद करावी आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करावे. नाहीतर डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि मिंट तिच्यावर लिहायला नकार देते. पहिल्या दिवशी घड्याळ साडेपाच तास मागेपुढे झालेले दिसेल. घाबरू नये. विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेने वाचते आणि लिनक्स ते जागतिक वेळेने, म्हणून भारतात फरक नेमका साडेपाच तासांचा येतो. मिंटला स्थानिक वेळ धरायला सांगितले की तो मिटतो.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनी विंडोज घालून तिचे नेटवर्क कार्ड ‘जोडलेले नाही’ या अवस्थेत ठेवणे, हा माझ्या मते एका यंत्रावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. जुन्या सॉफ्टवेअरचे डोंगल त्यात ओळखले जाते का, हे मात्र आधी पाहावे.

सहावी पायरी: प्रती आणि ‘पाचच मिनिटे’

ऑफलाइन यंत्राला हॅकर सहसा गाठत नाही, पण डिस्क जुनी होऊन मरतेच. रोज संध्याकाळी चालू कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली प्रत ही खंडणीखोर व्हायरसच्या हाती लागणारी प्रत असते. महिन्यातून एकदा दुसरी प्रत दुसऱ्या घरी जावी. वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाईल प्रत्यक्ष उघडून पाहावी.

आणि कधीतरी ‘पाचच मिनिटे नेट लावू’ असा प्रसंग येईल. सॉफ्टवेअरचा माणूस फोनवर असेल, त्याला यंत्रात डोकावायचे असेल आणि बाहेर गिऱ्हाईक थांबलेले असेल. शक्य असल्यास त्याला प्रत्यक्ष बोलवावे किंवा पडद्याचा फोटो काढून पाठवावा. तेही शक्य नसेल तर आधी पूर्ण प्रत घेऊन डिस्क बाजूला काढावी, डोंगल आणि ग्राहकांच्या फाईली काढून घ्याव्यात, आणि काम झाल्यावर ते यंत्र ऑफलाइन राहिलेले नाही असे धरून चालावे. त्याची डिस्क पुसावी, तिसऱ्या पायरीत जमवलेल्या सामानाच्या फोल्डरमधून सर्व काही पुन्हा घालावे, आणि त्यानंतरच जुन्या फाईली त्यावर परत आणाव्यात. मला यासाठी एक संपूर्ण रविवार लागला होता.